ईबी आणि जीन थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईबी (कातडीवर सहज फोड येणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलांचे आईवडील आणि हा आजार घेऊनच मोठे झालेले काही रुग्ण जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. निम्म्या पत्रांची सुरुवात ‘अमेरिकेत औषध निघालंय म्हणे’ अशीच असते. औषध निघालंय हे खरं आहे. ते कोणासाठी, कितपत आणि कसं, हे खाली आहे. हे वाचून डॉक्टरांना काय विचारायचं ते कळेल, पण उपचार मात्र त्यांच्याच सल्ल्याने करा.

१. ईबी म्हणजे नेमकं काय? साध्या स्पर्शाने फोड का येतात?

ईबी म्हणजे एपिडर्मोलिसिस बुलोसा. आपल्या कातडीचे दोन मुख्य थर असतात, आणि गोधडीचे पदर जसे टाक्यांनी धरलेले असतात तसे ते बारीक प्रथिनांनी एकमेकांना धरलेले असतात. ईबीत यातलं एखादं प्रथिन जन्मतः सदोष असतं किंवा तयारच होत नाही. मग कपड्याची शिवण घासली, बाळाला काखेत धरून उचललं, चिकटपट्टी ओढली, एवढंही पुरतं. थर सुटतात, मध्ये पाणी भरतं आणि फोड येतो.

हा संसर्ग नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पत्रिकेतला दोष, गरोदरपणात आईने काही खाल्लं, ग्रहणात काही कापलं, यातल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. हे इतकं स्पष्ट लिहायचं कारण असं की पहिल्या महिन्यात घरात बाळाच्या आईलाच सगळ्यात जास्त बोल लावले जातात.

२. रिपोर्टवर ‘डिस्ट्रॉफिक’ लिहिलंय. शेजारच्या गावातल्या मुलाला ‘सिम्प्लेक्स’ आहे. आजार एकच ना?

नाव एक, आजार वेगवेगळे. कातडी कोणत्या पातळीवर सुटते त्यावरून चार मुख्य प्रकार मानतात. सिम्प्लेक्समध्ये वरच्या थराच्या अगदी तळच्या पेशी फुटतात. दोष बहुधा केराटिन ५ किंवा केराटिन १४ च्या जनुकात असतो. जंक्शनलमध्ये दोन थरांच्या सांध्यातच फट पडते. तिथे लॅमिनिन ३३२ किंवा कोलॅजन १७ बिघडलेलं असतं. डिस्ट्रॉफिकमध्ये त्याच्याही खाली, कोलॅजन ७ नावाच्या प्रथिनापासून बनणारे नांगरासारखे धागे कमी पडतात. त्याच्या जनुकाचं नाव सीओएल७ए१. चौथा, किंडलर, फार विरळ.

कातडी जितकी खोलवर सुटते तितके व्रण जास्त राहतात. म्हणून डिस्ट्रॉफिकमध्ये जखम भरली तरी कातडी आक्रसते आणि नखं जातात.

आज बाजारात असलेली जीन थेरपी फक्त डिस्ट्रॉफिक प्रकारासाठी आहे. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात असू द्या.

३. प्रकार कळण्यासाठी कोणती तपासणी करायची? डॉक्टर म्हणाले बघूनच कळतं.

अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाला बघून अंदाज येतो, पण नवजात बाळात तो चुकू शकतो. तळव्यांवरचे फोड चारही प्रकारांत दिसतात. नक्की कळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कातडीचा बारीक तुकडा काढून इम्युनोफ्लोरोसन्स तपासणी, म्हणजे कोणतं प्रथिन कमी आहे आणि कातडी कुठे सुटते ते चमकणाऱ्या रंगाने बघणं. ताज्या फोडाच्या कडेचा तुकडा घेतात, कारण जुन्या फोडाखाली कातडी भरत आलेली असते आणि पातळी फसवते. दोन, रक्ताची जनुकीय तपासणी. जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त घेतात आणि ईबीशी संबंधित सगळी जनुकं एकदम वाचतात. ही तपासणी भारतातल्या प्रयोगशाळांत होते आणि आयुष्यात एकदाच करावी लागते.

रिपोर्टमध्ये ‘व्हीयूएस’ असं आलं तर घाबरू नका आणि खूशही होऊ नका. जनुकात बदल सापडलाय, पण आजाराचं कारण तोच आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी आईवडील दोघांचंही रक्त तपासतात.

माझं मत विचाराल तर पैसे मोजकेच असतील तेव्हा ते आधी या तपासणीवर घालावेत. जनुक माहीत नसेल तर जीन थेरपीची चर्चाच पोकळ ठरते.

४. जीन थेरपी म्हणजे मुलाचे जीन्स बदलतात का?

सध्याच्या मंजूर उपचारांत सदोष जनुक काढून टाकत नाहीत. ते आहे तिथेच राहतं. त्याच्या जोडीला चांगली प्रत पेशीत पोहोचवतात, म्हणजे पेशी हवं ते प्रथिन बनवू लागते. ही प्रत आत नेण्यासाठी विषाणू वापरतात, कारण पेशीत शिरण्याची कला त्याला निसर्गतःच अवगत असते. त्याची रोग पसरवण्याची, वाढण्याची क्षमता आधीच काढून घेतलेली असते.

इथे एक अडचण होती. इतर अनेक आजारांत जो एएव्ही नावाचा विषाणू वापरतात त्यात जेमतेम पावणेपाच हजार डीएनए-अक्षरांचं जनुक मावतं. कोलॅजन ७ चा संदेश सुमारे नऊ हजार अक्षरांचा. म्हणून संशोधकांना मोठी वाहनं शोधावी लागली.

हे बदल कातडीपुरतेच असतात. शुक्राणू किंवा बीजांडात काही बदलत नाही, त्यामुळे पुढच्या पिढीचं गणित तेच राहतं (प्रश्न १७ पाहा).

५. आत्तापर्यंत कोणते उपचार मंजूर झालेत?

दोन जीन थेरपी आहेत आणि त्यांच्यासोबत नेहमी नाव घेतलं जाणारं एक साधं औषध.

वायजुवेक हे जखमेवर लावायचं जेल. शास्त्रीय नाव बेरेमाजीन जेपरपावेक, बनवणारी कंपनी पिट्सबर्गची क्रिस्टल बायोटेक. औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने १९ मे २०२३ रोजी मान्यता दिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये युरोपीय संघाने आणि जुलैमध्ये जपानने दिली.

झेवास्किन म्हणजे रुग्णाच्याच पेशींत दुरुस्ती करून वाढवलेल्या कातडीचे पत्रे. शास्त्रीय नाव प्राडेमाजीन झामिकेरासेल, कंपनी अबिओना. मूळ काम स्टॅनफर्ड विद्यापीठातलं. अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

तिसरं फिल्सुवेझ. हे बर्च झाडाच्या सालीपासून काढलेलं मलम आहे. जनुकाशी त्याचा काही संबंध नाही, जखम लवकर भरायला ते मदत करतं. पण ते जंक्शनल प्रकारालाही चालतं, म्हणून त्याचं नाव लक्षात ठेवा.

६. वायजुवेक कसं लावतात? इंजेक्शन असतं का?

इंजेक्शन नाही, सुई टोचावी लागत नाही. औषधाची कुपी गोठवलेली येते. फार्मसीत ती वितळवून जेलमध्ये मिसळतात आणि बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरून देतात. जुनं ड्रेसिंग काढून जखम हलक्या हाताने स्वच्छ करायची, आधी लावलेलं मलम पुसून घ्यायचं, आणि मग जेलचे थेंब जखमेवर ओळीने सोडायचे. दोन थेंबांत साधारण एक सेंटिमीटर अंतर. रांगोळीचे ठिपके काढणाऱ्या हाताला हे पटकन जमेल. थेंब चोळायचे किंवा पसरवायचे नाहीत. वरून जेल शोषून न घेणारं ड्रेसिंग ठेवायचं आणि पुढचं ड्रेसिंग बदलेपर्यंत तसंच राहू द्यायचं. आठवड्यातून एकदा.

एका आठवड्यात किती औषध वापरता येईल याला वयानुसार मर्यादा आहे. अंगावर दहा जखमा असतील तर सगळ्यांना एकदम पुरत नाही. कोणती जखम आधी, हे डॉक्टरांसोबत ठरवावं लागतं. एक भरली की पुढची घ्यायची. भरलेली पुन्हा उघडली तर तिच्यावर पुन्हा लावतात.

सुरुवातीला हे फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांनीच लावायचं आणि बाळ किमान सहा महिन्यांचं हवं, अशी अमेरिकेत अट होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सैल झाली. आता जन्मापासून वापरता येतं आणि आईवडील किंवा रुग्ण स्वतः घरी लावू शकतात. आठवड्याच्या ठरल्या दिवशी नर्सची वाट पाहत शाळा बुडवणाऱ्या मुलांसाठी हा फार मोठा फरक आहे.

७. गुण किती जणांना येतो? खरे आकडे सांगा.

मुख्य चाचणीत ३१ जण होते, वय १ ते ४४ वर्षं. प्रत्येकाच्या अंगावरच्या दोन सारख्या जखमा निवडल्या, एकीवर औषध आणि दुसरीवर नुसतं जेल. कोणत्या जखमेवर काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी औषधाच्या जखमांपैकी ६७ टक्के पूर्ण भरलेल्या होत्या, नुसत्या जेलच्या २२ टक्के. हे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले.

या आकड्यांत दोन गोष्टी बघा. एक, तीनातली एक जखम औषध लावूनही पूर्ण भरली नव्हती. दोन, मोजमाप जखमेचं आहे, माणसाचं नाही. ‘६७ टक्के मुलं बरी झाली’ असं कुणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे.

८. यात हर्पीसचा विषाणू आहे असं वाचलं. म्हणजे मुलाला नागीण होईल का?

नाही. नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. वायजुवेकमध्ये त्याचा नातलग वापरलाय, हर्पीस सिम्प्लेक्स १. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार पुरळ उठतं ना, तोच हा. औषधातल्या विषाणूची वाढण्यासाठी लागणारी जनुकं काढलेली आहेत, त्यामुळे तो पेशीत शिरतो, सामान उतरवतो आणि तिथेच थांबतो. हा विषाणू आकाराने मोठा, म्हणून त्यात सीओएल७ए१ च्या एक सोडून दोन प्रती बसवल्या आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणीच नैसर्गिक हर्पीस होऊन गेलेला असतो आणि अंगात प्रतिपिंडं असतात. औषध त्यामुळे वाया जात नाही, असं चाचणीत दिसलं.

चाचणीत दिसलेले त्रास म्हणजे खाज, थंडी वाजणे, लाली, पुरळ, खोकला, नाक गळणे. काळजी घ्यायची ती हाताळताना: हातमोजे घालायचे, जखमेला आणि सुटलेल्या ड्रेसिंगला २४ तास उघडा हात लावायचा नाही, काढलेलं ड्रेसिंग जंतुनाशकात भिजवून बंद पिशवीत टाकायचं. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये. मुलाची आईच पुन्हा गरोदर असेल तर बाबांनी, आत्याने, कुणीतरी शिकून घ्यावं.

९. एकदा कातडी भरली की औषध बंद?

ती जखम बंद राहिली तर तिच्यावर लावायची गरज नाही. पण आजार बरा झाला असं होत नाही. कातडीच्या पेशी सतत झडतात आणि नव्या येतात. वायजुवेकने नेलेली जनुकाची प्रत पेशीच्या मूळ गुणसूत्रात शिवली जात नाही, बाजूला राहते. जुनी पेशी गेली की प्रतही गेली. नवीन पेशी जुनाच दोष घेऊन येते. म्हणून नवीन जखमेला नवीन डोस, आणि हे चालूच राहणार.

हाच गुण म्हणूनही बघता येतो. गुणसूत्राला हात लागत नसल्याने तिथे भलतीच गडबड होण्याची भीती कमी.

१०. मग झेवास्किन चांगलं का? ते एकदाच करावं लागतं ना?

एकदाच, पण भूल देऊन शस्त्रक्रिया करून. रुग्णाच्या कातडीचा छोटा तुकडा घेतात, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशींमध्ये रेट्रोव्हायरस वापरून चांगलं जनुक घालतात, त्या वाढवून साडेपाच गुणिले साडेसात सेंटिमीटरचे पत्रे तयार करतात. एका वेळी बारापर्यंत पत्रे जखमांवर बसवतात. नंतर काही दिवस अंग जवळजवळ न हलवता पडून राहावं लागतं, नाहीतर पत्रा सरकतो. सहा वर्षांच्या मुलाला हे सांगणं किती अवघड, ते आईवडीलच जाणोत.

इथे जनुक गुणसूत्रात कायमचं बसतं. म्हणून परिणाम टिकतो, सुरुवातीच्या रुग्णांत तो काही वर्षं टिकलेला दिसलाय. पण भलत्या जागी बसलं तर कर्करोगाचा सैद्धांतिक धोका असतो, आणि त्यासाठी दीर्घकाळ देखरेख करतात. मुख्य चाचणीत ११ रुग्णांच्या ४३ जखमांच्या जोड्या होत्या. उपचार केलेल्यांपैकी ८१ टक्के जखमा सहा महिन्यांनी किमान निम्म्या भरल्या होत्या, नेहमीची मलमपट्टी केलेल्यांपैकी १६ टक्के.

प्रश्न ७ मधल्या ६७ शी या ८१ ची तुलना करू नका. तिथे ‘पूर्ण भरली’ असा निकष होता, इथे ‘निम्मी भरली’. शिवाय इथल्या जखमा मोठ्या आणि जुनाट होत्या. झेवास्किन फक्त रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिकसाठी आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आलेल्या रुग्णांसाठी (प्रश्न १७ पाहा). पाठीवर वर्षानुवर्षं न भरलेली तळहातापेक्षा मोठी जखम असेल तर त्याचा विचार होतो. पसरलेल्या लहानमोठ्या जखमांना जेल सोयीचं.

११. जर्मनीत एका मुलाची सगळी कातडी बदलली असा व्हिडिओ फिरतोय. खरा आहे का?

गोष्ट खरी आहे. २०१५ मध्ये बोखुमच्या रुग्णालयात सीरियातून आलेल्या निर्वासित कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याला जंक्शनल ईबी होता, दोष लॅमिनिनच्या एलएएमबी३ जनुकात. जंतुसंसर्गाने त्याच्या अंगावरची निम्म्याहून जास्त कातडी गेली होती. इटलीतल्या मोदेना इथल्या मिकेले दे लुका यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या उरलेल्या चांगल्या कातडीतून पेशी घेतल्या, दुरुस्त केल्या आणि पत्रे वाढवून पाठवले. शरीराचा सुमारे ८० टक्के भाग नव्या कातडीने झाकला गेला. २०१७ मध्ये नेचर नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. पाच वर्षांनंतरही ती कातडी टिकून होती.

दे लुकांनी याच पद्धतीने २००६ मध्ये एका रुग्णाच्या पायांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता, म्हणजे हे एका रात्रीत घडलेलं नाही. आणि तो मरणाच्या दारातल्या मुलासाठी विशेष परवानगीने केलेला उपचार होता. रुग्णालयात जाऊन ‘तसं करा’ म्हणता येईल, अशी सोय झालेली नाही.

१२. आमच्या मुलीला सिम्प्लेक्स आहे. तिच्यासाठी का नाही? तिचा आजार तर सौम्य आहे, म्हणजे सोपा असायला हवा.

उलट आहे. रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिकमध्ये प्रथिन नसतंच, म्हणून चांगली प्रत नेऊन दिली की काम भागतं. सिम्प्लेक्समध्ये बहुधा एक प्रत चांगली असतेच, पण दुसरी प्रत बिघडलेलं केराटिन बनवते आणि ते चांगल्यात मिसळून सगळी बांधणी कमकुवत करतं. अशा ठिकाणी आणखी एक चांगली प्रत घालून भागत नाही. वाईट प्रत गप्प करावी लागते किंवा जागच्या जागी दुरुस्त करावी लागते. जनुक संपादनाच्या तंत्राने त्यावर प्रयोगशाळांत काम चाललंय.

सिम्प्लेक्समध्ये उष्मा आणि घाम हा मोठा शत्रू. एप्रिल-मे महिन्यांत सुती मोजे, सावली आणि पंखा यांनी जो फरक पडतो तो खरा असतो.

१३. मला, माझ्या वडिलांना आणि आत्याला, तिघांनाही डिस्ट्रॉफिक आहे. डॉक्टर ‘डॉमिनंट’ म्हणतात. प्रश्न १२ चं उत्तर मलाही लागू का?

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर ‘अंशतः’ असं आहे. डॉमिनंट म्हणजे एकच सदोष प्रत आजाराला पुरते असा प्रकार. डॉमिनंट डिस्ट्रॉफिकमध्येही बिघडलेलं कोलॅजन चांगल्याच्या कामात अडथळा आणतं. तरीही अमेरिकेत वायजुवेकची मान्यता रिसेसिव्ह आणि डॉमिनंट दोन्हींना आहे. चांगलं कोलॅजन भरपूर बनलं की बिघडलेल्याचं प्रमाण कमी होतं, असा त्यामागचा तर्क. मात्र त्या ३१ जणांत डॉमिनंट असलेला एकच रुग्ण होता, हे लक्षात घेऊन आशा ठेवा. झेवास्किन तुम्हाला लागू नाही.

१४. जेलने चिकटलेली बोटं मोकळी होतात का? गिळायला होणारा त्रास जातो का?

नाही. जेल जिथे लावलं तिथल्या उघड्या जखमेवर काम करतं. वर्षानुवर्षांच्या व्रणांनी एकमेकांना चिकटलेली बोटं शस्त्रक्रियेनेच सोडवावी लागतात, आणि नंतर रोज रात्री बोटांमध्ये ड्रेसिंग आणि स्प्लिंट. अन्ननलिका अरुंद झाली असेल तर फुग्याने रुंदावतात. रक्तक्षय, दात, वजन न वाढणं, यांचे उपचार वेगळेच.

डोळ्यांबाबत एक आशादायक उदाहरण आहे. मायामीच्या बॅस्कम पामर नेत्रसंस्थेत एका किशोरवयीन मुलाच्या बुबुळावरचा व्रण काढल्यावर तेच औषध थेंबांच्या रूपात वापरलं आणि त्याची दृष्टी बरीच सुधारली. हा विशेष परवानगीचा प्रयोग होता. कातडीचं जेल डोळ्यात घालायचं नाही, हे सांगायला नको.

१५. रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिकमध्ये कातडीचा कर्करोग होतो म्हणतात. जीन थेरपीने तो टळतो का?

टळतो असं सिद्ध झालेलं नाही. गंभीर रिसेसिव्ह प्रकारात किशोरवयापासून स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून साधारण दहाव्या वर्षापासून दर तीन ते सहा महिन्यांनी पूर्ण अंगाची तपासणी करतात. जी जखम भरतच नाही, कडा जाड आणि उंच झाल्या आहेत, नेहमीपेक्षा वेगळं दुखतं, ती दाखवाच. अशा संशयित जखमेवर जेल लावत नाहीत, आधी तुकडा तपासतात. ‘जुनीच जखम आहे’ म्हणून वेळ घालवू नका.

१६. खर्च किती? भारतात मिळतं का? सरकार मदत करतं का?

वायजुवेकच्या एका कुपीची अमेरिकेतली जाहीर किंमत २४,२५० डॉलर, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. एका रुग्णाचा वर्षाचा सरासरी खर्च कंपनीने ६,३१,००० डॉलर धरला होता, म्हणजे पाच कोटींच्या पुढे. झेवास्किनची किंमत ३१ लाख डॉलर. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा हा भार बहुतांशी विमा उचलतो, पण मंजुरीसाठी जनुकीय रिपोर्ट लागतोच (पुन्हा प्रश्न ३).

भारतात यातलं एकही औषध नेहमीच्या पुरवठ्यात नाही. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली ठरावीक आजारांना नियुक्त केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम रुग्णालय हे असं एक केंद्र. धोरणाच्या यादीत नवे आजार येत राहतात, म्हणून तिथे जाऊन नाव नोंदवा आणि आपला आजार कोणत्या गटात धरतात ते विचारा. पण ५० लाख आणि दरवर्षीचे पाच कोटी, हा हिशेब कुणालाही कळेल. हाताची बोटं चिकटून कामात अडथळा येत असेल तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा. परीक्षेत लेखनिक, प्रवासात सवलत, या गोष्टी आजच्या आज उपयोगी पडतात.

१७. आमचं लग्न नात्यात झालंय, मी मामाचीच मुलगी. पुढच्या मुलालाही होईल का?

रिसेसिव्ह प्रकार असेल तर आईवडील दोघेही वाहक असतात, दोघांना स्वतःला काही त्रास नसतो. प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक. ‘एकाला झालं, आता तिघे ठीक होणार’ असं हे गणित चालत नाही, प्रत्येक वेळी ते पहिल्यापासून सुरू होतं. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकाच आजोबा-आजीकडून आलेली तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. पण नात्याबाहेरच्या लग्नांतही ही मुलं जन्माला येतात, तेव्हा कुणाला दोष देऊ नका. डॉमिनंट प्रकारात बाधित पालकाकडून शक्यता दोनात एक.

पहिल्या मुलाचा बदल नक्की माहीत असेल तर पुढच्या वेळी अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. ती नोंदणीकृत केंद्रातच होते आणि तिथे लिंग सांगत नाहीत. दिवस गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच रिपोर्ट हातात ठेवा, कारण मूळ बदल शोधायलाच काही आठवडे जातात. तपासणी करायची की नाही, आणि पुढे काय, हा निर्णय तुम्हा दोघांचा. सासरच्यांचा किंवा डॉक्टरांचा नव्हे.

१८. एका दवाखान्यात स्टेम सेलने कायमचं बरं करतो म्हणाले. जावं का?

जाऊ नका. भारतात मान्यता नसलेले स्टेम सेलचे प्रयोग नोंदणीकृत चाचणीबाहेर उपचार म्हणून विकायला परवानगी नाही. चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडते. नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ झाली किंवा चाचणीच्या औषधाचे पैसे मागितले तर तिथून निघा.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण ही वेगळी गोष्ट. मिनेसोटा विद्यापीठाने २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मुलांची कातडी सुधारली, पण प्रत्यारोपणाच्या गुंतागुंतीने मृत्यूही झाला.

१९. औषध मिळेपर्यंत घरी काय करायचं? सासूबाई म्हणतात तेल लावून चोळलं की कातडी घट्ट होते.

या बाळाला मालिश नको. बाळंतिणीच्या घरात हे पटवणं अवघड जातं, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, छापील कागदाचा मान वेगळा असतो. बाराव्या दिवशी कान टोचणं पुढे ढकला. करदोटा, वाळे, मनगट्या, काळ्या मण्यांचा दोरा, सगळं काढून ठेवा. बारशाला पाहुण्यांनी बाळ हातोहात फिरवू नये. उचलताना काखेत धरायचं नाही. एक हात ढुंगणाखाली, एक मानेमागे, आणि खाली मऊ दुपट्यासकट उचलायचं. झबलं उलटं घाला, शिवण बाहेर येते.

फोड आला तर तो वाढू देऊ नका, तो कडेने पसरत जातो. निर्जंतुक सुईने खालच्या बाजूला भोक पाडून पाणी निथळू द्या, पण वरची कातडी सोलू नका, तेच नैसर्गिक ड्रेसिंग आहे. वर न चिकटणारं सिलिकॉनचं ड्रेसिंग, आणि ते जागेवर धरायला गुंडाळपट्टी किंवा नळीसारखी जाळीदार पट्टी. साधी चिकटपट्टी कधीही नाही. चिकटलंच तर कोमट पाण्यात भिजवून वाट बघा. हळद, राख, पाल्याचा रस उघड्या जखमेवर घालू नका. लसी नेहमीप्रमाणे द्या.

जखमांतून प्रथिनं आणि लोह वाहून जातं, म्हणून या मुलांना चारीठाव जेवणापेक्षाही जास्त लागतं. तोंडात फोड असतील तेव्हा मऊ भात, खिमट, अंडं, दही, थंड करून.

२०. माझ्या दंडावर एक तळहाताएवढी जागा आहे. तिथे आयुष्यात कधी फोड आला नाही. भास आहे का?

भास नाही. काही रुग्णांत एखाद्या पेशीतला दोष आपोआप दुरुस्त होतो आणि तिच्यापासून वाढलेला कातडीचा तेवढा तुकडा निरोगी राहतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे मार्सेल याँकमन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कोलॅजन १७ च्या रुग्णात हे जनुकाच्या पातळीवर दाखवून दिलं. अशा जागेचा फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्या कातडीतून पेशी घेऊन वाढवण्यावर संशोधन झालंय. मात्र तपासणीत गोंधळ नको म्हणून बायोप्सी (कातडीचा तुकडा) त्या जागेची देऊ नका.

२१. सासऱ्यांना साठीनंतर अंगभर फोड आले. त्यांना हे जेल चालेल का?

चालणार नाही. उतारवयात नव्याने फोड आले तर बहुधा पेम्फिगस किंवा पेम्फिगॉइड असतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीवर उलटते, जनुकाचा दोष नसतो, आणि उपचार पूर्ण वेगळे व बऱ्यापैकी गुणकारी आहेत. लवकर दाखवा.

२२. बहीण न्यू जर्सीला असते. तिने तिथून जेल विकत घेऊन कुरिअर केलं तर?

शक्य नाही. चिठ्ठी विशिष्ट रुग्णाच्या नावाने लागते. कुपी उणे १५ ते उणे २५ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि जेलमध्ये एकदा मिसळलं की फ्रिजमध्येसुद्धा दोनच दिवस टिकतं. भारतात मान्यता नसलेलं औषध स्वतःपुरतं आणायचं तर फॉर्म १२-ए भरून परवाना घ्यावा लागतो. तो अर्ज इथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतो आणि औषध रुग्णालयामार्फत मागवणंच शहाणपणाचं. बहिणीला काही पाठवायचंच असेल तर सिलिकॉनची ड्रेसिंग पाठवायला सांगा. ती लागतात रोज, महाग असतात, आणि त्यांना बर्फ लागत नाही.